पाचवी वाटी

“ह्या चार वाट्या कळल्या,” पद्मावती अक्का म्हणाल्या. “सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना. ही पाचवी कुणाची? पाव्हण्याची?”

“जे औषध नाही ते पाचवीत ठेवायचं, अक्का.”

“मग मलाच बसवा की तिच्यात, फोरमन. माझा तरी कुठं कुणाला गुण येतोय.”

शेजारी आपल्या पाळीची वाट पाहत बसलेले दोघे-तिघे हसले. मीही हसलो असेन. माझे लक्ष अक्कांच्या चेहऱ्याकडे होते. पूर्वी त्यांचा चेहरा उभट आणि गालफडे बसलेली होती. आता तो चांगला गोल दिसत होता. असा भरत गेलेला एक चेहरा मी पूर्वी माझ्या घरात पाहिला होता.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची जागा म्हणजे दोन खोल्या आणि पुढे एक ओसरी. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी औषधनिर्माण महाविद्यालयात शिकवणाऱ्या रेश्मा मुजावर मॅडम तिथे येत आणि आतल्या खोलीत बसून एकेका सभासदाची सगळी औषधे एकत्र पाहत. कोणते औषध दोन नावांनी दोनदा जाते, कोणते कशाशी भांडते, कोणत्याची आता गरज उरलेली नाही, हे तपासून त्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी देत. माझे काम त्याआधीचे, ओसरीवरचे. म्हाताऱ्या माणसाला ‘औषधे कोणती’ असे विचारले की तो कागद पुढे करतो. आणि कागदावर असते तेच पोटात जाते असे मुळीच नाही. मी तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन आयुष्यभर सूतगिरणीत फोरमन म्हणून यंत्रांची देखभाल केली. बंद पडलेल्या यंत्राजवळ गेल्यावर आम्ही आधी पुस्तक उघडत नसू. चालवणाऱ्याला म्हणत असू, सकाळी आल्यावर तुझा हात पहिल्यांदा कुठे जातो ते करून दाखव. तीच रीत मी इथे आणली होती. स्टीलचे ताट, त्यात वाट्या. माणसाने आपला दिवस हाताने मांडून दाखवायचा, मी फक्त पाहायचे.

पाचवी वाटी ताटात आली ती सुलभामुळे. सुलभा माझी पत्नी.

तिचे गुडघे धरत असत. कुणीतरी सांगितले म्हणून ती बसस्थानकाजवळच्या उगारे मेडिकलमधून पुडी आणू लागली. जुन्या कॅलेंडरच्या कागदात बांधलेल्या सुट्या गोळ्या, कुठे अर्ध्या, कुठे चुरा झालेल्या. पहिल्या आठवड्यातच ती देवळाच्या पायऱ्या चढली. तिच्या अंगावर बाळसे आले. शेजारणी म्हणाल्या, मानवलंय हो तुम्हाला. मग पावले सुजू लागली. डॉक्टरांनी औषधे विचारली तेव्हा तिने सगळी सांगितली. पुडी तेवढी सांगितली नाही. लपवावी म्हणून नव्हे. जिच्यावर नाव नाही, जी चिठ्ठीवाचून मिळते आणि जिच्याबद्दल दुकानदार ‘एका पुडीनं काय होतंय काकू’ असे हसून म्हणतो, ती तिच्या लेखी औषधच नव्हती. पुडी तिच्या पर्समध्ये माझ्या हाती लागली तोवर तिची दोन्ही मूत्रपिंडे कामातून गेली होती.

सुलभा गेली. तिचे दिवस झाल्यावर मी त्या दुकानात गेलो. मालक अजित उगारे, चाळिशीचा, गोड बोलणारा. गिऱ्हाइकांसमोर त्याने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले आणि म्हणाला, “काका, तुमचं दुःख मला समजतंय. पण ही पुडी माझ्याकडचीच कशावरून? ह्याच्यावर नाव कुठाय?” त्याच्या त्या उत्तरापेक्षा मला त्या खुर्चीचा राग जास्त आला.

तेव्हापासून या माणसाचे नाव गावातून पुसलेले पाहायचे, एवढीच माझ्या म्हातारपणाला इच्छा उरली होती. हे मी शांतपणे लिहीत आहे. तेव्हाही मी शांतच होतो. यंत्र कुठे झिजते हे ठाऊक असले की घाई करावी लागत नाही. त्याची पुडी खाणारे गावात पुष्कळ होते आणि त्यांतले काही आमचे सभासद होते; आज ना उद्या कुणाच्या तरी पिशवीतून ती माझ्यासमोर येणार होती. पण पाचव्या वाटीत गुळवेलीचा काढा आला, तपकीर आली, सुनेच्या झोपेच्या गोळ्या आल्या. पुडी कधी आली नाही. ज्याने चालते केले त्याला दगा द्यायला कोण तयार होणार?

आणि आता समोर पद्मावती अक्का बसल्या होत्या. अजित उगारेच्या आई.

“सुरुवात करा,” मी म्हणालो. “सकाळी उठलात. मग?”

“बस्तीत देवाचं दर्शन करून येते. मग न्याहारी, मग ही साखरेची लांबुडकी.” गोळी पहिल्या वाटीत पडली. “ही दाबाची. दुपारी जेवल्यावर ही कसली तरी पिवळी, हाडाची म्हणत्यात. संध्याकाळी ही अन् ही.”

“आणि झोपताना?”

“झोपतानाची वाटी काढून घ्या. दिवस मावळल्यावर मी तोंडात काय घालत न्हाई. पाणीबी न्हाई.”

“मग ही रात्रीची गोळी?”

“तीबी संध्याकाळीच. दिवस बुडायच्या आत सगळं एकदम उरकायचं.” त्यांनी तिन्ही गोळ्या एका वाटीत टाकल्या. “डाक्टरला काय सांगायचं, आमचा देव सूर्य बघून जेवतो म्हणून?”

“डॉक्टरला नका सांगू. मॅडमना सांगा. त्या वेळ बदलून देतील.”

“अस्सं? मग आमच्या अजितला हे कसं सुचलं न्हाई?”

“अजितरावांना माहीत आहे, तुम्ही आलाय ते?”

“न्हाई. तो म्हणतो, घरात दुकान असताना पंचायतीत कशाला जातीस. पर माझं पाय सुजायलेत, फोरमन. त्याला इचारलं तर म्हणतो, वय झालं. वय काय आज झालंय व्हय? वय कवाचंच झालंय. पाय आत्ता सुजलेत.”

“पाचव्या वाटीचं राहिलं, अक्का. ज्याला तुम्ही औषध म्हणत नाही, पण पोटात जातं. जडीबुटी, चूर्ण, कुणी दिलेलं काहीही.”

“तसलं मी काय घेत न्हाई.” मग त्या थांबल्या. “पुडी घेते गुडघ्याची, दुपारी जेवल्यावर. पर ते औषध न्हवं. ते अजितनं बांधून दिल्यालं असतंय.”

त्यांनी कनवटीचा बटवा सोडला. लवंगांच्या डबीखालून कागदाची एक घडी निघाली आणि पाचव्या वाटीत पडली. तीन बाजूंनी दुमडून चौथे टोक आत खोचलेले. ती घडी मला कुठेही ओळखता आली असती.

मी खाली वाकून त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि काढला. खळगा तसाच राहिला.

“सुलभाताई असत्या तर त्यांनी तुम्हाला सांगितलं असतं, लई गुणाची पुडी हाय,” अक्का म्हणाल्या. “बागेत आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. दोघी सारख्याच लंगड्या. त्या नकोच म्हणत हुत्या. मीच म्हटलं, जा की आमच्या अजितकडं. कशा चालायला लागल्या, बघितलं न्हवं तुम्ही?”

“बघितलं,” मी म्हणालो.

बाईंना काहीच ठाऊक नव्हते. सुलभा मूत्रपिंडाच्या आजाराने गेली एवढेच गावाला माहीत होते, आणि अजितने घरी त्याहून अधिक सांगण्याचे कारण नव्हते.

आता माझ्या हाती सगळेच आले होते. ज्याने बांधली त्याच्या आईने स्वतःच्या बटव्यातून काढून दिलेली पुडी. ‘कशावरून’ असे विचारायला जागा नव्हती. ती खिशात घालावी, औषध निरीक्षकांकडे जावे आणि अक्कांना काही न सांगता घरी जाऊ द्यावे, असाही एक विचार माझ्या मनात येऊन उभा राहिला. मग दुकानही गेले असते आणि उन्हाळ्यापर्यंत आईही गेली असती. मी जे पाहिले ते त्याला सावकाश, पायरीपायरीने पाहायला मिळाले असते. मी त्या विचाराला लगेच हाकलले नाही. बसू दिले.

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. कुणीतरी दुकानात जाऊन सांगितले असावे. अजित उगारे ओसरीच्या पायऱ्या भराभर चढून आला.

“आई, इथं काय करतीयास? मला सांगायचं नाहीस?”

“तुला सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस व्हय? बस. माझा नंबर आता येतोय.”

त्याची नजर ताटावरून फिरत पाचव्या वाटीवर आली आणि तिथेच राहिली. मग त्याने माझ्याकडे पाहिले. आमची नजरानजर त्या खुर्चीच्या दिवसानंतर पहिल्यांदाच झाली.

“काका, जरा इकडं या.”

आम्ही ओसरीच्या टोकाला गेलो. तिथून अक्का दिसत होत्या. त्यांना जरा कमी ऐकू येई.

“ते घरगुती आहे,” तो हळू आवाजात म्हणाला. “मॅडमना दाखवायची गरज नाही. मी आजपासून बंद करतो. तुमच्या गळ्याची शपथ.”

“माझ्या गळ्याची नको. तो तुमच्या काय उपयोगाचा?”

“मग काय करू ते सांगा.”

“आत जायचं. मॅडमसमोर बसायचं. पुडीत काय असतं, कधीपासून देता, ते तुम्ही स्वतः सांगायचं. आईच्या समोर.”

त्याने आईकडे पाहिले. “तिच्यासमोर नको. ती मला देव मानते, काका.”

“माझी बायकोही मानायची.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

मी परत ताटाजवळ गेलो, पुडी उचलली आणि अक्कांच्या हातात दिली. “अक्का, दुपारची वेळ होत आली. आत बराच वेळ लागतोय. इथंच खाऊन घेता का?”

“बरं झालं आठवण केली,” म्हणत त्यांनी पिशवीतून दशमीचा डबा काढला. मी माठातून तांब्याभर पाणी आणून त्यांच्यापुढे ठेवले आणि अजितजवळ येऊन उभा राहिलो.

“हे काय करताय?” त्याचा आवाज बदलला होता.

“तुम्ही रोज करता तेच. एका पुडीनं काय होतंय?”

अक्कांनी दशमीचे तुकडे सावकाश खाल्ले. दात कमी असल्यामुळे त्यांना वेळ लागत होता. मध्येच त्यांनी अजितला हाक मारून विचारले, “तू खाल्लास काय रे? ये, अर्धी हाय.” तो हलला नाही. पाहणाऱ्याला आम्ही दोघे बोलत उभे आहोत असेच वाटले असते. एका पुडीने खरोखरच काही झाले नसते. ते त्याला ठाऊक होते आणि मलाही. पण आजवर त्याने पुडी बांधून दिली होती. आईला ती तोंडात टाकताना, तिच्यात काय आहे हे सांगू शकणाऱ्या माणसाच्या शेजारी उभे राहून, त्याने कधी पाहिले नव्हते.

अक्कांनी डबा मिटला, हात पदराला पुसला आणि घडी उलगडली. गोळ्या तळहातावर घेतल्या. तांब्या उचलला.

“आई,” अजित म्हणाला. त्यांना ऐकू गेले नाही म्हणून तो पुढे गेला आणि त्याने त्यांचे मनगट धरले. “आई, थांब. घेऊ नकोस.”

“का रं?”

त्याच वेळी आतून आधीचे गृहस्थ बाहेर आले आणि मॅडमनी अक्कांचे नाव घेतले.

आत मुजावर मॅडमनी गोळ्या कागदावर ठेवून पाहिल्या. “यात काय आहे?” त्यांनी कुणाकडेही न पाहता विचारले. अजितने दोन नावे सांगितली. पहिले ठणका थांबवणारे तीव्र औषध, दुसरे स्टेरॉइड.

“कधीपासून?”

“दोन दिवाळ्या झाल्या. रोज. थंडीत जरा जास्त.”

“साखर आणि रक्तदाब असलेल्या बाईंना?”

“जिना चढता येत नव्हता, मॅडम तिला. पुडीनं चढायला लागली. दर वेळी वाटायचं, थंडी सरली की बंद करू. थंडी सरली की पाऊस यायचा, गुडघे पुन्हा धरायचे.”

अक्का एकाकडून दुसऱ्याकडे पाहत होत्या. “म्हणजे ते औषधच हुतं व्हय?”

“औषध होतं, अक्का,” मॅडम म्हणाल्या. “पण तुम्हाला न देण्याचं. पायाची सूज त्यानंच आली असावी. रक्त तपासायला देते. वेळेत आलाय तुम्ही, असं वाटतंय.”

अक्कांनी कागदावरच्या गोळ्यांकडे पाहिले. मग त्यांनी मुलाला विचारले, “अन् सुलभाताईंच्या पुडीत?”

अजित खाली पाहू लागला.

“मी तुला इचारलं.”

“तेच होतं.”

मी हे वाक्य ऐकण्यासाठी किती रात्री जागलो होतो. निरीक्षकांच्या तोंडून, न्यायाधीशांच्या तोंडून, भर बाजारात, नाना तऱ्हेने मी ते मनात ऐकले होते. प्रत्यक्षात ते इतक्या हळू बोलले गेले की छताच्या पंख्याखाली जेमतेम ऐकू आले.

“त्या नको म्हणत हुत्या,” अक्का म्हणाल्या. “मी त्यांना म्हटलं, माझ्या पोटचा हाय, इख देणार हाय का.” आणि त्या आपली बाकीची औषधे एकेक करून पिशवीत भरू लागल्या. अजित मदतीला वाकला तेव्हा त्यांनी पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली.

मी उठलो. कागदावरच्या गोळ्या घडीत परत बांधल्या आणि म्हणालो, “मॅडम, मी निघतो. जिल्ह्याची बस मिळेल अजून.”

“बसा, काका,” मॅडम म्हणाल्या. “उगारे, ही पुडी आणखी किती जण घेतात?”

“बरेच.”

“वर्षानुवर्षं?”

“काही जण.”

त्या माझ्याकडे वळल्या. “आज तुम्ही जाल, उद्या दुकान बंद होईल. परवा या माणसांना पुडी मिळणार नाही. स्टेरॉइड रोज बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं करायचं सोडून देतं. ते एकदम तुटलं तर माणूस घरातल्या घरात कोसळतो. आपण काय खात होतो हेच त्यांना माहीत नाही. डॉक्टरांना काय सांगतील? अक्कांचं ठणक्याचं औषध आज बंद होईल, पण दुसरं डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं थोडं उतरवावं लागेल. तसंच त्या सगळ्यांचं. आणि ते कोण आहेत, हे फक्त उगारेंना माहीत आहे.”

जेवायला बसलेल्या माणसापुढचे ताट कुणी ओढून घ्यावे तसे मला झाले. बाई बरोबर बोलत होत्या, म्हणूनच अधिक राग आला. मी पुन्हा बसलो आणि विचार केला. विचार करायला फार वेळ लागला नाही.

“अजितराव,” मी म्हणालो, “तुमच्या पुडीवरचं एकेक माणूस तुम्ही इथं घेऊन यायचं. स्वतः. आणि त्याच्या पुडीत काय होतं ते त्याच्या तोंडावर सांगायचं, आज सांगितलं तसं. डॉक्टर म्हणतील तसं त्याचं उतरत जाईल. शेवटचा माणूस मोकळा झाला की दुसऱ्या दिवशी मी ही पुडी घेऊन निरीक्षकांकडे जाणार. मी हे पाठीमागून करणार नाही. आत्ताच सांगतोय.”

त्याने मान वर केली. “म्हणजे मी जितक्या लवकर माणसं आणीन, तितक्या लवकर तुम्ही—”

“तितक्या लवकर.”

“आणि नाही आणली तर?”

“आणणार न्हाई तर काय करणार?” अक्का पिशवीची गाठ मारत म्हणाल्या. “लोकांची म्हातारी माणसं पाडणार?”

त्याने आणली. मला वाटले होते, चार-दोन आणेल आणि बाकीची दाबेल. पण पुढच्या महिन्याच्या शनिवारपासून तो कुणाला रिक्षातून, कुणाला मोटारसायकलवर मागे बसवून आणू लागला. शेजारच्या खेड्यांतूनही आणली. दर वेळी तो माणसाशेजारी उभा राही आणि औषधांची तीच दोन नावे सांगे. मी प्रत्येक वेळी हजर राहिलो. कुणी त्याला शिव्या घातल्या. कुणी उलट माझ्यावर चिडले, गुडघे पुन्हा धरल्यावर आता तुम्ही उचलून न्या म्हणाले. एक म्हातारे विणकर त्याच्याकडे बघून म्हणाले, “अजित, लेका, देव्हाऱ्यात तुझा फोटो लावून हार घालायचा तेवढा मी बाकी ठेवला हुता. बरं झालं, फुलं महाग हुती.” ओसरीवर हशा पिकला. अजितही हसण्याचा प्रयत्न करत होता. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो आणि मला बरे वाटत होते.

पाऊस संपता संपता संघातले लोक मला सांगू लागले, फोरमन, आता सोडा, पोरगा सुधारला. आपणहून कोण एवढं करतं?

“सुधारला हे खरं आहे,” मी म्हणत असे. “पण सुलभाला तो आणू शकत नाही.”

अक्कांचे पाय उतरले. चेहराही पूर्वीसारखा उभट झाला. गुडघे मात्र पुन्हा धरले. त्या काठी घेऊन येत आणि औषधे गावातल्या दुसऱ्या दुकानातून आणत. मुलाशी त्या बोलत होत्या की नाही, हे मी विचारले नाही. ते दोघे एकत्र आलेले मात्र मी पुन्हा पाहिले नाही.

पुढच्या वर्षीच्या एका शनिवारी मॅडमनी एका आजोबांची चिठ्ठी पाहिली आणि ‘झालं’ म्हणून मान डोलावली. आजोबांना रिक्षात बसवून अजित परत ओसरीवर आला. तिथेच दारात उभा राहिला.

“संपलं, काका,” तो म्हणाला. “आता कुणी नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

“मी उद्याच जातो म्हणालो होतो. पण उद्या रविवार आहे. सोमवारी जाईन.”

“माहिताय,” तो म्हणाला. क्षणभर वाटले, तो आणखी काही मागेल. त्याने मागावे असे मला वाटत होते. नाही म्हणायला मी कधीचा तयार होतो. तो काही न मागता गेला.

सोमवारी सकाळी मी बसस्थानकावर पोहोचलो तेव्हा जिल्ह्याच्या गाडीजवळच्या बाकावर पद्मावती अक्का बसलेल्या होत्या. नवे लुगडे, मांडीवर पिशवी, पायाशी काठी.

“कुठं निघालात?”

“तुम्ही निघालाय तिथंच.”

“अक्का, तुम्हाला यायची गरज नाही. पुडी माझ्याकडे आहे.”

“पुडी तुमच्याकडं हाय. पर खाल्लीय मी.”

“अजितला ठाऊक आहे?”

“त्यानंच आणून सोडलं.” त्या उठल्या आणि गाडीच्या दांडीला धरून पहिल्या पायरीवर पाय ठेवला. “मला म्हणाला, आई, पायऱ्या जपून.”

मी मागून आधार दिला. ऊन चढू लागल्यावर त्यांनी खिडकीची काच ओढली आणि मला दशमी देऊ केली. मी अर्धी घेतली.

निरीक्षक तरुण होते, व्यवस्थित होते. त्यांनी माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले, पुडी पाकिटात घालून मोहोर लावली आणि जबाब लिहायला घेतला. मग ते अक्कांकडे वळले. नाव, वय, पत्ता विचारून झाले.

“पुडी कुणी बांधून दिली?”

“अजित उगारे. उगारे मेडिकलवाला.”

“तुम्ही पण उगारेच. तो तुमचा कोण?”

“पोरगा.”

निरीक्षकांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

“त्यांच्याकडं काय बघताय,” अक्का म्हणाल्या. “लिवा.”